एसी दुकानात अर्धाच मिळतो, उरलेला भिंतीवर तयार होतो

२२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधी जून महिन्यात केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल यांनी एसीचं तापमान २० ते २८ अंशांच्या मध्येच ठेवता येईल असा नियम आणायचं सूतोवाच केलं होतं, आणि त्यावर घराघरांत वाद झाले. दोन्ही वेळा बोलणं झालं ते किमतीचं आणि रिमोटवरच्या आकड्याचं. मशीन भिंतीवर बसतं कसं, याचा विषय कोणी काढला नाही.

आपल्या सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ अंशांवर जातो आणि रात्री अकरालाही स्लॅब तापलेलाच असतो. त्यामुळे जुळे सोलापूर म्हणा, होटगी रोड म्हणा की जुन्या पेठा म्हणा, खिडकीबाहेर एसीचा डबा दिसणं आता नवलाचं राहिलेलं नाही. तो निवडायला आपण चार दुकानं फिरतो, स्टार मोजतो, घासाघीस करतो. बसवायला मात्र जो पहिला मोकळा सापडेल त्याला बोलावतो आणि त्याच्या हातात चहा देऊन आत निघून जातो. माझा धाकटा भाऊ वायरमन आहे. त्याच्यामुळे या बसवण्याच्या कामातल्या चुका मी जवळून बघितल्या आहेत, आणि त्यातली एक माझ्या मावशीच्या जिवावर बेतली असती. म्हणून हे लिहिते आहे.

## माठ आणि रहाट

माठातलं पाणी गार का होतं हे आपल्याला लहानपणापासून माहीत आहे. पाझरलेलं पाणी उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. एसीतही तत्त्व हेच. फरक एवढाच की माठातलं पाणी उडालं की गेलं, आणि एसीतला गॅस पकडून परत आणला जातो.

रहाट डोळ्यांसमोर आणा. गाडगी रिकामी खाली जातात, विहिरीत भरतात, वर येऊन पन्हाळीत रिकामी होतात, पुन्हा खाली. एसीतला गॅस म्हणजे ही गाडगी. खोली ही विहीर, उष्णता हे पाणी, आणि गच्चीवरचा डबा ही पन्हाळ. आत येताना गॅस पातळ रूपात असतो, खोलीतली उष्णता घेऊन त्याची वाफ होते. बाहेरच्या डब्यातला कॉम्प्रेसर ती वाफ दाबतो, ती बाहेरच्या हवेपेक्षा गरम होते आणि आपली उष्णता त्या हवेला देऊन पुन्हा पातळ होते. रहाट ओढणारा बैल म्हणजे हा कॉम्प्रेसर. बिल येतं ते मुख्यतः बैलाच्या वैरणीचं.

खोलीतल्या डब्याला या धंद्याच्या भाषेत एअर हँडलर म्हणतात, म्हणजे हवा हाताळणारा. मोठ्या इमारतीत तो माळ्यावर बसवलेलं कपाटाएवढं यंत्र असतो आणि पत्र्याच्या नळ्यांतून सगळ्या खोल्यांना हवा पाठवतो. आपल्या घरात तो भिंतीवरचा पांढरा डबा. आपला फिटर त्याला इनडोअर म्हणतो, मीही तेच म्हणेन. त्याच्या आत चार गोष्टी असतात: हवा ओढणारा ब्लोअर, गार होणारी कॉइल, कचरा अडवणारी जाळी आणि कॉइलवरून ठिबकणारं पाणी झेलणारा ट्रे. पुढे जे काही बिघडतं ते बहुतेक या चारांपैकी एकातच.

एक टन म्हणजे वजन नव्हे, हेही इथेच सांगून टाकते. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, तेवढी उष्णता काढायची ताकद म्हणजे एक टन, साधारण साडेतीन किलोवॉट. दीड टनाचं मशीन खोलीतून पाच किलोवॉटच्या आसपास उष्णता बाहेर काढतं आणि त्यासाठी वीज खातं दीड किलोवॉटच्या आसपास. रहाटाचा फायदा तो हाच: पाणी तयार करायचं नसतं, नुसतं वाहून न्यायचं असतं.

आणखी एक, सोलापूरकराला आवडावं असं. ‘एअर कंडिशनिंग’ हा शब्द माणसांच्या सुखासाठी जन्माला आलेला नाही. अमेरिकेतल्या स्टुअर्ट क्रेमर नावाच्या गिरणी-अभियंत्याने तो १९०६ मध्ये वापरला, सूतगिरणीतल्या हवेत ओलावा राखण्याच्या कामासाठी. हवा कोरडी झाली की सूत तुटतं. ज्यांच्या घरात कोणी गिरणीत किंवा मागावर काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको.

## अर्धा एसी म्हणजे काय

फ्रीज घरी येतो तो पूर्ण बनून. गॅसचं वर्तुळ कारखान्यातच बंद केलेलं असतं, आपण फक्त पिन लावतो. स्प्लिट एसीचं तसं नाही. तो दोन तुकड्यांत येतो. मधले तांब्याचे पाइप तुमच्या घरी कापले जातात, त्यांची तोंडं फुलवली जातात, नट आवळले जातात आणि गॅसचं वर्तुळ तुमच्या खोलीत पहिल्यांदा पूर्ण होतं. म्हणजे कारखान्यातलं शेवटचं काम तुमच्या भिंतीपाशी, स्टुलावर उभं राहून केलं जातं. कोणत्या कंपनीचा एसी घेतला यापेक्षा हे दोन तास जास्त महत्त्वाचे आहेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

पाइपाचं फुलवलेलं तोंड, ज्याला फ्लेअर म्हणतात, ते जरा चिरलं किंवा वाकडं झालं की तिथून गॅस महिनोन्‌महिने झिरपतो. नट ढिला राहिला तरी तेच, आणि अंगातली सगळी ताकद लावून आवळला तरी तांबं चेपून तेच. म्हणून नेमका जोर मोजणारा पाना असतो, त्याला टॉर्क पाना म्हणतात. चांगल्या फिटरच्या पिशवीत तो सापडतो. कापलेल्या पाइपाची आतली कड घासून साफ करतानाही बघा: पाइपाचं तोंड खाली धरलेलं असावं, नाहीतर तांब्याचा कीस आत पडतो आणि तो पुढे कॉम्प्रेसरपर्यंत जातो.

मग येतं व्हॅक्यूम. जोडलेल्या पाइपांत आणि इनडोअरच्या कॉइलमध्ये साधी हवा भरलेली असते, आणि हवेसोबत ओलावा. गॅस सोडण्याआधी ही हवा पंपाने पूर्ण काढून टाकावी लागते. कळसूबाईच्या माथ्यावर पाणी १०० अंशांच्या आधीच उकळतं, कारण तिथे हवेचा दाब कमी. पंपाने पाइपातला दाब जवळजवळ शून्यावर आणला की आतला ओलावा खोलीच्या तापमानालाच उकळतो आणि वाफ होऊन निघून जातो. याला वेळ लागतो. पंधरा-वीस मिनिटं तरी पंप चालला पाहिजे. नंतर तो बंद करून काटा जागचा हलत नाही ना, हे काही मिनिटं बघायचं. काटा सरकला, तर कुठेतरी गळती आहे किंवा आत अजून ओलावा आहे.

## ‘मालक, व्हॅक्यूमची काही गरज नाही’

हे वाक्य तुम्हाला ऐकायला मिळेल. ‘दहा वर्षं असंच करतोय, एकाची तक्रार नाही.’ तो खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. पंपाऐवजी तो बाहेरच्या डब्यातला थोडा गॅस सोडून पाइपातली हवा ढकलून देतो. दोन मिनिटांत काम होतं आणि मशीन त्याच दिवशी गारही करतं.

तक्रार येते ती दोन-तीन उन्हाळ्यांनी. आजकालच्या मशिनांतलं तेल ओलावा फार पटकन पितं. पापड उघडा राहिला की सादळतो, तसंच. ओलावा आणि तेल मिळून आत आम्ल तयार होतं आणि ते कॉम्प्रेसरच्या गुंडाळीवरचा मुलामा खातं. राहिलेली हवा पातळ होत नाही, नुसती जागा अडवते, त्यामुळे दाब वाढतो आणि बिलही वाढतं. कॉम्प्रेसर जळतो तेव्हा ‘कंपनीच खराब’ असं म्हणून आपण मोकळे होतो. मधली तीन वर्षं कोणी जोडून बघत नाही.

शिवाय असा सोडून दिलेला गॅस हवेत जातो. घरगुती मशिनांत सध्या सर्रास असलेला आर-३२ हा गॅस पृथ्वी तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या ६७५ पट आहे. ४३ अंशांत राहणाऱ्यांनी तरी तो फुकट उडवू नये.

फिटर येण्याआधी फोनवरच विचारा, ‘पंप आणि गेज आणणार ना?’ पंपाचे जादा पैसे मागितले तर द्या. ते पैसे वाचवणं सगळ्यात महाग पडतं.

## मावशीच्या गच्चीवरची तार

मागच्या उन्हाळ्यात मावशीचा फोन आला. ‘अगं, कपडे वाळत घालताना तारेला हात लागला की मुंग्या येतात बघ. बीपी वाढलं असेल का?’

बीपी नव्हतं. गच्चीवर एसीचा बाहेरचा डबा लोखंडी स्टँडवर बसवलेला, स्टँड कठड्याच्या ग्रिलला बोल्टने आवळलेला, आणि त्याच ग्रिलला कपड्यांची तार बांधलेली. ओले कपडे, ओले हात, अनवाणी पाय. भावाने मेन बंद करून बोर्ड उघडला, तेव्हा एसीकडून आलेली हिरवी वायर टोकाला काळी टेप गुंडाळून मागे दुमडून ठेवलेली निघाली. त्या जुन्या बोर्डात अर्थिंगच नव्हतं. बसवणाऱ्याने ते बघितलं, हिरवी वायर कुठे लावायची कळेना, म्हणून टेप लावून मोकळा झाला. एसी गार करत होता. अर्थिंग नसलं तरी एसी गार करतोच, म्हणून ते नाही हे कळत नाही.

हिरवी वायर काय करते? मशिनच्या आत एखाद्या वायरचं आवरण उंदराने कुरतडलं किंवा उन्हाने तडकलं की वीज लोखंडी अंगात उतरते. तिला जमिनीत जायला सोपी वाट म्हणजे हिरवी वायर. ती वाट नसेल, तर वीज थांबून राहते, आणि जो पहिला हात लावील तोच तिची वाट होतो.

आता यातली एक बारीक गोष्ट, जी बऱ्याच वायरमन मंडळींनाही पटवून द्यावी लागते. आपण समजतो, अर्थिंग आहे, एमसीबी (प्रवाह जास्त झाला की आपोआप पडणारा बोर्डातला खटका) आहे, म्हणजे झालं. हिशेब करून बघू. घरच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा अडथळा १० ओम धरा. वीज २३० व्होल्ट. भागाकार केला की जमिनीत जाणारा प्रवाह येतो २३ अँपिअर. एसीची एमसीबी असते २० अँपिअरची. २० ची एमसीबी २३ ला तासाभरात पडेलच याची खात्री नसते. ती वायर जळू नये म्हणून बनवलेली आहे, माणूस वाचवायला नव्हे. तेवढा वेळ मशिनचं अंग जिवंत राहतं.

माणूस वाचवतं ते वेगळं उपकरण, आरसीसीबी. ते गेलेला आणि परत आलेला प्रवाह तोलून बघतं. किराणा दुकानदार गल्ल्याचा हिशेब लावतो तसं: गेले तेवढे परत आले पाहिजेत. ३० मिलिअँपिअरचा फरक पडला, म्हणजे अँपिअरचे जेमतेम तीन शतांश इतका थोडा प्रवाह दुसरीकडे पाझरला, की ते एका सेकंदाच्या तिसऱ्या भागात वीज तोडतं. मावशीच्या घरी अर्थिंग आणि हे, दोन्ही असतं तर मुंग्या यायची वेळच आली नसती. ते वारंवार पडायला लागलं तर काढून टाकू नका. पडतंय म्हणजे काहीतरी सांगतंय.

आपल्याकडचा आणखी एक घोळ म्हणजे सोलापूरची जमीन. कुठे काळी माती, कुठे मुरूम, थोडं खाली गेलं की दगड. पावसाळ्यात उत्तम लागलेलं अर्थिंग मे महिन्यात कोरडं ठणठणीत होतं, आणि नेमका तेव्हाच एसी रात्रंदिवस चालतो. ज्या शहराने वर्षानुवर्षं चार-पाच दिवसांआड नळाची वाट पाहिली, तिथे खड्ड्यात पाणी घाला म्हणणं जिवावर येतं, तरी आठवड्याला एक बादली घालाच. धुण्याभांड्याचं वापरलेलं पाणीही चालतं. आणि वर्षातून एकदा, शक्यतो एप्रिलमध्ये, अर्थ टेस्टर लावून ओम मोजून घ्या. साध्या मल्टिमीटरने वायर जोडलेली आहे एवढंच कळतं, वाट किती रुंद आहे ते कळत नाही.

कोणी म्हणालं, ‘अर्थिंग नाही तर हिरवी वायर न्यूट्रलला जोडून देतो’, तर त्याला तिथेच थांबवा. बाहेर खांबावर न्यूट्रल तुटला, की एसीचं सगळं अंग फेजवर येतं, म्हणजे जिवंत होतं.

वायरिंगचं उरलेलं थोडक्यात. एसीची लाइन थेट मेन बोर्डावरून वेगळी आणा. त्यावर गीझर, इस्त्री काही नको. दीड टनाला ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर आणि २० अँपिअरची एमसीबी ही आपल्याकडची सर्वसाधारण रीत आहे, पण मशिनच्या पुस्तिकेत वेगळं लिहिलं असेल तर पुस्तिका खरी. मध्ये टेप गुंडाळलेला सांधा नको. ढिला सांधा तापतो, आणि आग लागते ती बहुतेक तिथूनच.

## ‘एसीचा स्फोट होतो म्हणे’

व्हॉट्सअ‍ॅपवर असे व्हिडिओ फिरतात आणि घरातली वडीलधारी घाबरतात. भीती निराधार नाही, पण ती चुकीच्या जागी आहे. नीट बसवलेलं, गॅस आत असलेलं मशीन आपोआप फुटत नाही. धोका असतो तो बसवताना, काढताना आणि गॅस भरताना.

आर-३२ हा हळू जळणारा गॅस आहे. स्वयंपाकाच्या गॅससारखा भसकन पेटत नाही, पण पेटतो. काही कंपन्यांच्या मशिनांत आर-२९० असतो, म्हणजे शुद्ध प्रोपेन, तो मात्र स्वयंपाकघरातल्या सिलिंडरचा सख्खा भाऊ. कोणता गॅस आणि किती ग्रॅम, हे बाहेरच्या डब्याच्या पट्टीवर छापलेलं असतं. फोनमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. जुन्या आर-२२ च्या मशिनात ‘तो गॅस आता मिळत नाही’ म्हणून आर-३२ भरू देऊ नका. दाब वेगळा, तेल वेगळं आणि आतले भाग जळणाऱ्या गॅससाठी बनवलेलेच नाहीत.

सगळ्यात धोक्याची वेळ म्हणजे घर बदलताना मशीन उतरवण्याची. गॅस वाया जाऊ नये म्हणून फिटर कॉम्प्रेसर चालू ठेवून सगळा गॅस बाहेरच्या डब्यात ओढून घेतो आणि व्हॉल्व्ह बंद करतो. पद्धत बरोबर आहे. पण घाईत कॉम्प्रेसर चालू असतानाच पाइप सोडला, तर तो गॅसऐवजी हवा ओढतो. हवा आणि तेल एकत्र प्रचंड दाबलं की काय होतं, हे डिझेल इंजिन आपल्याला रोज दाखवतं. एसीचा डबा इंजिनासारखा जाड ओतीव लोखंडाचा नसतो, तो फुटतो. म्हणून क्रम पक्का: आधी मशीन बंद, एमसीबी खाली, मगच पाइपाला पाना.

गळती शोधायला पाइपात दाब भरतात. तो नायट्रोजनचाच. वेल्डिंगवाल्याकडचा ऑक्सिजन हाताशी आहे म्हणून तो कोणी लावू लागला, तर सरळ खोलीबाहेर जा आणि घरच्यांनाही काढा. दाबाखालचा ऑक्सिजन आणि तेल एकत्र येणं म्हणजे ठिणगीचीही वाट बघायला नको.

आणि खोलीत गॅस गळाल्यासारखं वाटलं, म्हणजे मशीन अचानक गार करेनासं झालं, पाइपाच्या जोडापाशी सूं असा आवाज येतोय, तेलकट डाग दिसतोय, तर खिडक्या उघडा. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली जमिनीलगत साचतो. गादी अंथरून झोपलेल्या लेकरांना आधी उचला. उदबत्ती, निरांजन, काडी काही पेटवू नका.

## भिंत आणि बाहेर लटकणारा माणूस

बाहेरचा डबा तीस-पस्तीस किलोचा असतो आणि वर्षानुवर्षं थरथरतो. काँक्रीटमध्ये फास्टनर, म्हणजे भिंतीत ठोकायचा बोल्ट, घट्ट बसतो. जुन्या पेठांतल्या दगडमातीच्या भिंतीत तो आज घट्ट वाटतो आणि दोन पावसाळ्यांनी हलायला लागतो. अशा घरात डबा भिंतीला टांगण्यापेक्षा गच्चीवर किंवा ओट्यावर स्टँड ठेवून बसवलेला बरा. पत्र्याच्या शेडखाली, चारी बाजूंनी कोंडून ठेवू नका. त्याला सोडलेली गरम हवाच पुन्हा ओढावी लागली, तर बैलाला चढावर जुंपल्यासारखं होतं. थोडी सावली आणि मोकळा वारा, एवढंच त्याला पुरे.

तिसऱ्या मजल्याच्या छज्जावर उभा राहून एका हाताने डबा धरणारा पोरगा आपण सगळ्यांनीच पाहिला आहे. कमरेला पट्टा नाही, खाली रस्ता. त्याला दोरी-पट्टा आहे का हे विचारणं घरमालकाचं काम आहे. नसेल तर काम उद्यावर ढकला. तुमची एक रात्र उकाड्यात गेली तर चालेल.

## मेमध्ये कोरडा, जूनमध्ये गळका

दर वर्षी मृगाचा पाऊस पडला की सोलापुरात एकच तक्रार सुरू होते: ‘एसीतून पाणी गळतंय, उन्हाळाभर तर चांगला होता.’

उन्हाळाभर चांगला होता कारण हवेत पाणीच नव्हतं. गार पाण्याचा तांब्या मेच्या दुपारी बाहेर ठेवा, त्याला जेमतेम घाम फुटतो. तोच तांब्या जुलैमध्ये ठेवा, खाली थारोळं होतं. इनडोअरची कॉइल म्हणजे तो तांब्या. आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तिच्यावर थोडंच पाणी धरतं, मग ट्रेमधला गाळ, उलटा उतार, दबलेला पाइप, सगळं खपून जातं. हवा दमट झाली की पाणी लिटरने निघतं आणि सगळ्या चुका भिंतीवरून ओघळायला लागतात.

म्हणून बसवल्या दिवशीच, मे असला तरी, परीक्षा घ्या. इनडोअरच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओतायला लावा आणि बाहेरच्या टोकाला ते सगळं येतंय का बघा. ड्रेन पाइपाला सुरुवातीपासून शेवटपर्यंत उतार हवा, मध्ये कुठेही झोळ नको, आणि त्याचं टोक बादलीतल्या पाण्यात बुडालेलं नको. भिंतीच्या भोकाभोवतीची फट पुट्टीने बुजवून घ्या. पाली तिथूनच आत शिरतात, आणि सर्किटवर पाल आडवी पडली की मशिनचा मेंदू जळतो. हा खर्च हजारांत जातो. पुट्टी मुठीएवढी पुरते.

## जाळीवरचा टॉवेल

शहराच्या पूर्व भागात, जिथे घराशेजारीच माग चालतात, तिथल्या एका घरी भावाने माझ्यासमोर इनडोअरचं झाकण उघडलं होतं. जाळी दिसलीच नाही. तिच्यावर सुताच्या तंतूंचा मऊ, राखाडी पापुद्रा बसला होता, एका कोपऱ्याला धरून ओढल्यावर तो अखंड निघून हातात आला, छोट्या टॉवेलसारखा. घरातले म्हणत होते, गॅस संपलाय.

हवाच आत जात नसेल तर कॉइल गार कशाला करणार? मग ती इतकी थंड होते की तिच्यावर बर्फ धरतो, आणि तो वितळला की पाणी गळतं. एका जाळीपायी तीन तक्रारी.

जाळी धुणं घरचं काम आहे. एमसीबी खाली करा, नुसता रिमोट नाही. झाकण उचला, जाळी सरकवून काढा, नळाखाली मागच्या बाजूने पाणी सोडा म्हणजे कचरा पुढे ढकलला जातो, आणि सावलीत वाळवा. उन्हात प्लास्टिक वाकडं होतं. दर पंधरा दिवसांनी. मागांच्या वस्तीत किंवा कच्च्या रस्त्यालगत असाल तर दर आठवड्याला. इथेच तुमचं काम संपतं. कॉइलवर पाणी मारणं, बाहेरचा डबा उघडणं हे तुमचं नाही. त्यातल्या कपॅसिटरमध्ये वीज बंद केल्यावरही काही वेळ ३०० व्होल्टच्या वर दाब साठून राहतो.

फिटर पंपाने धुवायला येईल तेव्हा इनडोअरच्या बाजूला असलेलं सर्किट प्लास्टिकने झाकलंय का, एवढं बघा.

## ‘गॅस कमी झालाय’ असं म्हणाला तर

रहाटाची गाडगी पाणी वाहून झिजत नाहीत. गॅसही वापरून संपत नाही. दर वर्षी गॅस ‘टॉप अप’ करावा लागतो ही समजूत आपल्या डोक्यातून काढायलाच हवी. कमी झाला असेल तर गळती आहे. ती शोधा, साबणाच्या फेसाने दाखवा, बंद करा, व्हॅक्यूम करा आणि मग पट्टीवर लिहिलेत तेवढे ग्रॅम वजनकाट्यावर मोजून भरा, असं सांगा. अंदाजपंचे काटा बघून भरलेला गॅस जास्त झाला तरी कॉम्प्रेसर मरतो. आणि हे सगळं सांगण्याआधी जाळी बघा.

## मग कूलर काय वाईट?

हा प्रश्न सोलापुरात अगदी रास्त आहे. आपली उन्हाळ्याची हवा कोरडी, आणि कूलर कोरड्या हवेतच उत्तम चालतो. मुंबईत तो निरुपयोगी. वीज एसीच्या तुलनेत फार थोडी लागते आणि बाहेरची ताजी हवा आत येते. ज्याला मेअखेरपर्यंतच गारवा हवा आहे त्याने कूलर घ्यावा, मी स्वतः दिवसा तोच लावते. पण पत्र्याचा डबा, पाणी आणि मोटर एकत्र असलेलं ते यंत्र आहे. अर्थिंग आणि आरसीसीबीबद्दल वर लिहिलेलं सगळं कूलरला जास्तच लागू आहे. पाणी भरताना पिन काढलेली हवी.

एसी ताजी हवा आत आणत नाही, तीच ती फिरवतो, हे मात्र विसरू नका. बंद खोलीत डासांची कॉइल किंवा शेगडी नको. झोपण्याआधी दहा मिनिटं खिडकी उघडा.

## फोन कधी करायचा

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात फिटरला फोन केला तर तो येईल, पण दिवसाला आठ-दहा घरं उरकत असताना तो वीस मिनिटं पंपाच्या काट्याकडे बघत बसणार नाही. कोणीच बसणार नाही. जानेवारीतली गड्ड्याची जत्रा उरकली, थंडी ओसरली की फेब्रुवारीत बोलवा. तेव्हा त्याच्याकडे वेळ असतो, दर कमी असतो, आणि मशीन बसवल्यावर चूक निघाली तर सुधारायला दोन महिने हातात असतात. ऑक्टोबरअखेर बंद करताना तास-दीड तास नुसता पंखा चालवून आतली कॉइल कोरडी करा, जाळी धुऊन बसवा, एमसीबी खाली ठेवा. मावशीच्या घरी आता हिरवी वायर नव्या खड्ड्याला जोडलेली आहे, बोर्डात आरसीसीबी आहे, आणि कपड्यांची तार ग्रिलवरून काढून गच्चीच्या दुसऱ्या कोपऱ्यात, लाकडी खुंटीला बांधली आहे.